कमजोर हृदयाच्या मुलाचा इको: नव्याने प्रोब हाती घेणाऱ्यांसाठी

हृदयाचा स्नायू कमजोर झालेलं मूल इकोला (हृदयाच्या सोनोग्राफीला) येतं तेव्हा सोबतच्या कागदावर बहुतेक वेळा एवढंच असतं: ‘ईएफ सांगा.’ ईएफ म्हणजे डाव्या व्हेंट्रिकलमधलं (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातलं) किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, तो आकडा. नवा निवासी डॉक्टर प्रोब ठेवतो, डावा व्हेंट्रिकल फुगलेला दिसतो, दोन रेषा ओढतो, २५ टक्के लिहितो आणि मोकळा होतो. आकडा बरोबरही असेल. पण हे हृदय कमजोर का झालं आणि ते कारण दुरुस्त होण्याजोगं आहे का, हे त्यातून कळत नाही. ‘डायलेटेड कार्डिओमायोपॅथी’ (फुगलेलं, कमजोर हृदय) हा शिक्का बसलेल्या मुलांमध्ये काही मुलं अशी असतात की ज्यांचा आजार एका ऑपरेशनने, एका बलूनने, ठोक्यांचा वेग आटोक्यात आणून किंवा चक्क कॅल्शियम देऊन बरा होऊ शकतो. ती मुलं पहिल्याच इकोत हाती लागायला हवीत. म्हणून या लेखात आधी कारण घेतलं आहे, मापं नंतर.

प्रोब ठेवण्याआधी

वजन, उंची, रक्तदाब आणि ठोके या चार गोष्टी मशीनमध्ये भरल्याशिवाय सुरुवात करू नका. वजन-उंचीवरून शरीराचं क्षेत्रफळ निघतं, मुलांसाठी त्याला हेकॉकचं सूत्र वापरतात. या क्षेत्रफळाशिवाय मुलाच्या हृदयाच्या मापाला काही अर्थ उरत नाही. डायस्टोलमध्ये (हृदय सैल होऊन भरताना) ३८ मिमीचा डावा व्हेंट्रिकल दहा वर्षांच्या मुलात बहुधा नॉर्मल असतो, सहा महिन्यांच्या बाळात तो प्रचंड फुगलेला असतो. या फरकाचा हिशेब झेड-स्कोअर करतो: त्या आकाराच्या मुलांच्या सरासरीपासून हे माप किती स्टँडर्ड डेव्हिएशन दूर आहे. अधिक २ च्या वर गेलं की वाढलेलं म्हणायचं.

रक्तदाब उजव्या हाताचा आणि एका पायाचा, दोन्ही घ्या. पायाचा का, ते पुढे येईलच. ईसीजीच्या तीन क्लिपा लावायचा कंटाळा करू नका, सिस्टोल (आकुंचन) आणि डायस्टोलची फ्रेम त्यावरूनच ठरते. आणि मुलाचा १२ लीडचा ईसीजी झाला असेल तर तो आधी मागवून समोर ठेवा.

मूल शांत कसं ठेवायचं

धाप लागलेल्या मुलाला सपाट झोपवलं तर ते आणखी घाबरं होतं. आईच्या मांडीवर, अर्धवट बसलेल्या स्थितीत इको छान होतो. ऑक्सिजन चालू असेल तर चालूच राहू द्या. जेल कोमट करून घ्या. तान्हं बाळ पिता पिता गप्प राहतं, मोठ्या मुलाला मोबाइलवर काही लावून द्या. झोपेचं औषध देण्याचा मोह होतो, पण कमजोर हृदयाच्या मुलाचा रक्तदाब त्याने कोसळू शकतो. श्वासनलिका सांभाळू शकणारा माणूस आणि मॉनिटर खोलीत नसेल तर सिडेशन नको. चित्रं थोडी हललेली आली तरी चालतील.

पोटाकडून, म्हणजे सबकॉस्टल व्ह्यूने सुरुवात करायची पद्धत आहे. पण यकृत सुजलेलं असतं आणि दाबलं की मूल रडतं, मग पुढचं सगळं बिघडतं. त्यामुळे अशा मुलांत तो व्ह्यू मी शेवटी ठेवते. मूल फारच आजारी असेल तर पाच मिनिटांत पेरिकार्डियममधलं (हृदयाभोवतीच्या आवरणातलं) पाणी, एकूण आकुंचन, गुठळी, कॉरोनरी (हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या धमन्या) आणि महाधमनीची कमान एवढं बघून थांबा. बाकीचं उद्या.

प्रोब वयाप्रमाणे: तान्ह्याला ८ ते १२ मेगाहर्ट्झ, मधल्या वयाला ५ ते ८, किशोरवयीनांना त्याहून कमी.

पहिली नजर

काही मोजायच्या आधी चारही व्ह्यूंतून नुसतं बघा. डावा व्हेंट्रिकल चेंडूसारखा गोल झाला आहे की अजून निमुळता आहे? भिंती पातळ आहेत की जाड? सगळीकडून सारखं आकुंचन कमी आहे की एखादाच भाग थिजला आहे? एट्रियम (वरचे कप्पे) केवढे आहेत?

बऱ्याच गोष्टी इथेच उलगडतात. पातळ भिंतीचा, खूप फुगलेला व्हेंट्रिकल बहुधा जुन्या आजाराचा असतो. फारसा न फुगलेला, पण भिंती सुजल्यासारख्या जाड आणि आकुंचन अगदी मंद, सोबत थोडं पाणी, आणि मूल कालपरवापर्यंत ठणठणीत: असं असेल तर तीव्र मायोकार्डायटिसचा (हृदयाच्या स्नायूला आलेल्या सुजेचा) विचार आधी येतो. व्हेंट्रिकल लहान किंवा नॉर्मल आणि दोन्ही एट्रियम मात्र अवाढव्य दिसले तर तो रेस्ट्रिक्टिव्ह प्रकार (हृदय ताठर होऊन नीट भरत नाही असा), त्याची चर्चा वेगळी. भिंतीला आतून जाळीदार स्नायू खूप दिसले की नवे लोक लगेच ‘नॉनकॉम्पॅक्शन’ लिहितात. जाळीदार थर घट्ट थराच्या दुपटीहून जाड असणं हा प्रचलित निकष सिस्टोलच्या शेवटी मोजायचा असतो, आणि फुगलेल्या कुठल्याही व्हेंट्रिकलमध्ये जाळी थोडी उठून दिसतेच. हा शब्द जपून वापरा.

कारण शोधताना: डावी कॉरोनरी

इथे वेळ घालवा. फुगलेल्या, कमजोर हृदयाचं तान्हं बाळ म्हणजे सिद्ध होईपर्यंत अल्कापा, असं मी सगळ्यांना सांगते. यात डावी कॉरोनरी महाधमनीऐवजी फुफ्फुसाच्या धमनीतून निघते. जन्मानंतर पहिले काही दिवस फुफ्फुसाच्या धमनीत दाब जास्त असतो, त्यामुळे निभावतं. तो दाब उतरला की डाव्या कॉरोनरीतलं रक्त उलटं त्या धमनीत वाहून जाऊ लागतं आणि स्नायू उपाशी राहतो. ऑपरेशन करून कॉरोनरी जागेवर बसवली की पार खचलेलं हृदयही पुष्कळदा सावरतं. म्हणूनच हे निदान हुकणं फार महागात पडतं.

पॅरास्टर्नल शॉर्ट अ‍ॅक्सिसमध्ये (छातीच्या हाडाशेजारून घेतलेल्या हृदयाच्या आडव्या छेदात) महाधमनीचं मूळ गोल दिसेल असं आणा. प्रोब किंचित फिरवला की डावी कॉरोनरी निघताना दिसते. इथे थांबू नका, कारण ग्रे-स्केल (काळं-पांढरं चित्र) इथे हमखास फसवतो. महाधमनीला लागूनच ट्रान्सव्हर्स सायनसची फट असते, आणि कॉरोनरी खोटीच महाधमनीला जोडल्यासारखी दिसते. आता कलर (रक्तप्रवाहाची दिशा रंगाने दाखवणारा डॉपलर) लावा, स्केल २० ते ३० सेंमी प्रति सेकंदापर्यंत खाली आणा, बॉक्स लहान करा. लेफ्ट अँटिरियर डिसेंडिंगमधला (डाव्या कॉरोनरीच्या पुढच्या फांदीतला) प्रवाह डायस्टोलमध्ये प्रोबकडे येतो, म्हणजे नेहमीच्या सेटिंगमध्ये लाल दिसतो. तो निळा दिसला, म्हणजे रक्त उलटं मुळाकडे जात असलं, तर प्रकरण गंभीर आहे. मग फुफ्फुसाच्या धमनीत डायस्टोलमध्ये शिरणारी बारीक धार शोधा. उजवी कॉरोनरी नेहमीपेक्षा जाड आहे का ते बघा. सेप्टममध्ये (दोन व्हेंट्रिकलमधल्या पडद्यात) कलरचे ठिपके-धागे दिसतात का, तेही बघा, ती उजवीकडून डावीकडे धावलेली कोलॅटरल (जोड रक्तवाहिन्या) असतात. मिट्रलचे (डावं एट्रियम आणि व्हेंट्रिकल यांमधल्या झडपेचे) पॅपिलरी स्नायू पांढरेफटक चमकत असतील आणि झडप गळत असेल तर संशय दुप्पट करा. ईसीजीत लीड १ आणि एव्हीएलमध्ये खोल क्यू लाटा असतील तर इकोत कॉरोनरी ‘ठीक वाटली’ तरी विश्वास ठेवू नका, सीटी अँजिओग्राफी मागवा.

कमान, झडप आणि ठोके

सुप्रास्टर्नल व्ह्यूमधून (गळ्याच्या खाचेतून) कमान पूर्ण बघा, आणि सबकॉस्टलमधून पोटातल्या महाधमनीचा डॉपलर घ्या. नॉर्मल लाट झपकन वर जाते आणि खाली येते. कोआर्क्टेशन (महाधमनी एका जागी अरुंद असणं) असेल तर ती बसकी होते, हळू चढते आणि डायस्टोलभर ओघळत राहते. ही लाट फार कामाची आहे, कारण व्हेंट्रिकल कमजोर असला की अरुंद जागेवरचा ग्रेडियंट (तिच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) आणि हातापायाच्या रक्तदाबातला फरक दोन्ही फसवे निघतात. ढकलायला जोरच नाही तर फरक पडणार कुठून? एरवी २० मिमी पाऱ्याचा फरक बोलका असतो, इथे तो १० असला तरी कमान नीट बघा. मोठ्या मुलात कमान नॉर्मल असून छातीत किंवा पोटात खाली महाधमनी आखडलेली असू शकते, ताकायासूचा आजार (मोठ्या धमन्यांची सूज) असाच लपतो. म्हणून दिसेल तितकी खालपर्यंत जा.

अ‍ॅओर्टिक झडपेचंही तेच. वेग २.५ मीटर प्रति सेकंद आला तर ग्रेडियंट फक्त २५ मिमी पारा निघतो, कारण वेगाचा वर्ग करून चारने गुणायचं असतं. चांगल्या हृदयात हा सौम्य स्टेनोसिस (झडप अरुंद असणं). थकलेल्या हृदयात हाच आकडा अतितीव्र स्टेनोसिसचा असू शकतो. पाकळ्या जाड आहेत का, घुमटासारख्या वर येतात का, छिद्र किती उघडतं, हे डोळ्यांनी बघून ठरवा.

ठोक्यांकडे इको करणाऱ्याचं हमखास दुर्लक्ष होतं. हृदय बंद पडत आलं की ठोके वाढतातच, असं म्हणून आपण सोडून देतो. पण बाळ झोपलं तरी १८०, रडलं तरी १८०, पाजलं तरी १८० असा न हलणारा आकडा असेल तर कदाचित वेगानेच हृदय दमवलं आहे. एट्रियमच्या भिंतीतून आणि व्हेंट्रिकलमधून एकाच वेळी जाणारी एम-मोडची (एका रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारी) रेष टाका, दोघांचं नातं दिसतं. पक्कं निदान १२ लीडच्या ईसीजीवर. वेग आटोक्यात आला की अशी हृदयं काही आठवड्यांत ते महिन्यांत सुधारतात.

कॅल्शियम इकोत दिसत नाही. तरीही कमजोर हृदयाचं तान्हं बाळ समोर असेल तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी झाली का, हे विचारायचं काम इको करणाऱ्यानेही करावं. ईसीजीत क्यूटी (क्यू लाटेपासून टी लाटेच्या शेवटापर्यंतचा वेळ) लांबलेला दिसला तर नक्कीच.

आता मापं

पॅरास्टर्नल शॉर्ट अ‍ॅक्सिसमध्ये, मिट्रलच्या पाकळ्यांच्या टोकाशी, जिथे व्हेंट्रिकल सर्वांत रुंद दिसतो तिथे आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. डायस्टोलचं माप व्हेंट्रिकल सर्वांत मोठा असताना, सिस्टोलचं सर्वांत लहान असताना. तीन ठोक्यांची सरासरी घ्या. समजा ४२ आणि ३५ मिमी आले, तर फरक ७, त्याला ४२ ने भागलं की एफएस (फ्रॅक्शनल शॉर्टनिंग, म्हणजे आकुंचनात रुंदी किती टक्के कमी झाली) साधारण १७ टक्के. नॉर्मल साधारण २८ च्या वर असतो.

एफएस सोपा आहे, म्हणून लाडका आहे. पण तो एकाच रेषेवरून सगळ्या व्हेंट्रिकलचा अंदाज बांधतो. सेप्टम उलटा हलत असेल, उजव्या बाजूचा दाब वाढून तो चपटा झाला असेल, लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (डाव्या बाजूला विद्युत संदेश उशिरा पोचणं) असेल किंवा आकुंचन जागोजागी वेगळं असेल तर एफएस लिहूच नका. एम-मोडची रेष तिरकी गेली तर माप आपोआप मोठं येतं, हेही ध्यानात ठेवा.

ईएफसाठी दोन चांगल्या वाटा आहेत. एक, एपिकल फोर आणि टू चेंबरमध्ये (शेंड्याकडून दिसणाऱ्या चार आणि दोन कप्प्यांच्या चित्रांत) आतली कड आखून सिम्पसनची बायप्लेन पद्धत. दुसरी मुलांमध्ये खूप चालणारी: शॉर्ट अ‍ॅक्सिसमधलं क्षेत्रफळ गुणिले एपिकलमधली लांबी गुणिले पाच-षष्ठांश, म्हणजे घनफळ. डायस्टोलच्या घनफळातून सिस्टोलचं वजा करून डायस्टोलच्या घनफळाने भागा. आखताना पॅपिलरी स्नायू पोकळीतच धरायचे. ५५ टक्क्यांच्या वरचा आकडा सर्वसाधारणपणे नॉर्मल मानतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे शेंडा कापला जाणं. फुगलेल्या हृदयाचा शेंडा खाली आणि बाजूला सरकलेला असतो, आणि आपण प्रोब सवयीने नेहमीच्या जागी ठेवतो. मग व्हेंट्रिकल आखूड दिसतो, टोक गोलसर आणि जाड दिसतं, आणि सिस्टोलमध्ये ते तळाकडे धावतं. खरा शेंडा पातळ असतो आणि जवळपास जागच्या जागी राहतो. एक बरगडी खाली जा, बाहेरच्या बाजूला सरका, व्हेंट्रिकल सर्वांत लांब दिसेल तिथे थांबा.

मिट्रल बरीच गळत असेल तर ईएफ खरी परिस्थिती लपवते, कारण व्हेंट्रिकलला कमी दाबाच्या एट्रियममध्ये रक्त लोटायची सोपी पळवाट मिळालेली असते. पण ही गळती एका दृष्टीने उपयोगी पडते. तिचा कंटिन्युअस वेव्ह डॉपलर घ्या, स्वीप स्पीड वाढवा, आणि वेग १ वरून ३ मीटर प्रति सेकंदावर जायला किती वेळ लागला ते मोजा. या दोन वेगांमधला दाबाचा फरक ३२ मिमी पारा असतो. तो ४० मिलिसेकंदांत चढला तर डीपी-डीटी (दाब चढण्याचा वेग, मिमी पारा प्रति सेकंद) ८०० आला, २५ मिलिसेकंदांत चढला तर १२८०. साधारण १२०० च्या वर बरं, ८०० च्या आसपास किंवा खाली वाईट. लाटेची कड स्वच्छ नसेल तर हा खटाटोप करू नका.

गळती कारण आहे की परिणाम, तेही ठरवा. पाकळ्या बारीक, नॉर्मल, पण व्हेंट्रिकलच्या आत ओढल्या गेल्याने नीट मिटत नसतील तर तो परिणाम. पाकळ्याच बिघडलेल्या असतील आणि व्हेंट्रिकल जोमाने हलत असेल तर उलटा विचार करा.

स्ट्रेन (आकुंचनात स्नायू आपल्या लांबीच्या किती टक्के आखडतो ते माप) आता बहुतेक मशीनवर आहे. लॉन्जिट्युडिनल स्ट्रेन मुलांत साधारण उणे २० टक्क्यांच्या आसपास असतो. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) किमान ६० ते ९० ठेवा, ठोके जलद असतील तर त्याहून जास्त. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवरचे आकडे एकमेकांशी ताडू नका.

गुठळी, उजवी बाजू आणि डायस्टोल

शेंड्यात रक्त घुटमळतं आणि गोठतं. जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब घ्या, फोकस शेंड्यावर आणा, कलर स्केल कमी करा आणि रंग अगदी टोकापर्यंत भरतो का बघा. दोन व्ह्यूंमध्ये, सिस्टोल आणि डायस्टोल दोन्हींत दिसली तरच गुठळी म्हणा.

उजव्या व्हेंट्रिकलसाठी टॅप्से (आकुंचनात ट्रायकस्पिड झडपेची कड किती सरकते ते माप) घ्या, पण त्याचाही वयानुसार झेड-स्कोअर बघा. ट्रायकस्पिड गळतीचा वेग ३ मीटर असेल तर उजव्या बाजूचा दाब ३६ मिमी पारा अधिक एट्रियमचा दाब.

डायस्टोलबद्दल थोडक्यात: लहान मुलात ठोके जलद असल्याने ई आणि ए लाटा (व्हेंट्रिकल भरतानाची पहिली आणि दुसरी लाट) एकमेकींत मिसळतात आणि प्रौढांच्या सीमारेषा लागू पडत नाहीत. ई भागिले ई-प्राइम (झडपेजवळच्या स्नायूचा सैल होण्याचा वेग) लिहून ठेवा, डाव्या एट्रियमचा आकार बघा, आणि एकाच आकड्यावरून दाब वाढल्याचं जाहीर करू नका.

पुढच्या वेळचे इको

दर खेपेला कारण नव्याने शोधायची गरज नसते, तुलना नीट व्हावी लागते. तीच पद्धत, शक्यतो तेच मशीन, आणि मूल शांत. ईएफ ३० वरून ३५ झाली की आईवडील आनंदतात, पण दोन डॉक्टरांनी एकच इको मोजला तरी एवढा फरक पडू शकतो. म्हणून जुना रिपोर्ट वाचण्यावर भागवू नका. जुनी चित्रं शेजारी उघडून बघा. डायस्टोलच्या मापाचा झेड-स्कोअर हळूहळू उतरतोय, मिट्रलची गळती कमी झालीय, एट्रियम आटलाय, आणि ईएफही वर आहे, असं सगळं एका दिशेने जात असेल तर सुधारणा खरी. मूल वाढतं, त्यामुळे मिलिमीटर तेवढेच राहून झेड-स्कोअर उतरणं ही चांगली बातमी असते.

डॉक्सोरुबिसिन, डौनोरुबिसिन अशी कर्करोगाची औषधं मिळणाऱ्या मुलांचा इको उपचार सुरू व्हायच्या आधीच एकदा व्हायला हवा, नाहीतर पुढच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार? त्यांच्यात ईएफ घसरण्याआधी स्ट्रेन घसरलेला दिसू शकतो. ड्यूशेनच्या (स्नायू क्षीण होत जाण्याच्या आजाराच्या) मुलांत छातीच्या रचनेमुळे चित्रं वाईट येतात आणि मागची-बाजूची भिंत आधी बिघडते. वय वाढेल तसा त्यांना एमआरआय लागतो.

रिपोर्ट लिहिताना

सुरुवातीला वजन, उंची, रक्तदाब, ठोके आणि मूल कसं होतं: झोपलेलं, रडणारं, औषध दिलेलं, इनोट्रोपवर (हृदयाला जोर देणाऱ्या औषधावर) असलेलं. ईएफच्या पुढे पद्धत लिहा. ‘अंदाजे’ असेल तर तसं स्पष्ट लिहा. प्रत्येक मापाला झेड-स्कोअर.

अल्कापाचा संशय, कोआर्क्टेशन, अतितीव्र अ‍ॅओर्टिक स्टेनोसिस, न थांबणारा टॅकिकार्डिया (जलद ठोके), गुठळी, किंवा हृदय दाबणारं पाणी, यांपैकी काही दिसलं तर रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबू नका, मूल टेबलावर असतानाच वरिष्ठांना फोन करा.

आणि जे दिसलं नाही ते लिहा. कॉरोनरी स्पष्ट आल्या नाहीत, तरी सवयीने ‘कॉरोनरी नॉर्मल’ असं टेम्प्लेटमधलं वाक्य तसंच राहतं. ते खोडा आणि तिथे लिहा: ‘डाव्या कॉरोनरीचा उगम व प्रवाहाची दिशा या इकोत खात्रीने दिसली नाही, पुन्हा इको किंवा सीटी अँजिओग्राफी करावी.’